तुंगनाथचा पिका: चंद्रशिलावर पहाटे पळू नका

कालच उत्तराखंडातल्या चोपत्याहून खाली उतरलोय, गुडघे अजून ठणकतायत, पण हे आधी लिहितो कारण पिकाचे (दगडांच्या फटीत राहणारा छोटासा प्राणी) फोटो काढायच्या नादात माझ्या दोन सकाळी फुकट गेल्या तशा कुणाच्या जायला नकोत.

उखीमठहून चोपता, राहणं-खाणं सगळं ठीक. तिथे एक गाईड भेटला, दिवसाचे अडीच हजार, आणि छातीठोकपणे म्हणाला की पिका फक्त तुंगनाथ मंदिराच्या वरच्या चंद्रशिला शिखराच्या टोकावर, सूर्योदयालाच दिसतो, रात्री तीनला निघायचं. निघालो. तुंगनाथपर्यंत बांधलेली वाट आहे, साडेतीन-चार किमी, दम लागतो पण जमतं. त्यापुढचा चढ मात्र ऑक्टोबरात अंधारात अजिबात करू नका. दगडांवरचं पाणी गोठून काचेसारखं होतं, हेडटॉर्चच्या उजेडात ओला दगड कुठला आणि गोठलेला कुठला ते कळतच नाही, चांगले बूट असूनही मी दोनदा आपटलो, त्यात एकदा लेन्सच्या बॅगेसकट. वर टोकावर वाऱ्याने कॅमेरा स्थिर धरवेना, बॅटरी बघता बघता उतरली, सेल्फीवाल्यांची गर्दी, पिका एकही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पैसे मात्र दोन्ही दिवसांचे पूर्ण घेतले, याचा राग अजून गेला नाहीये.

उतरताना मंदिराच्या अलीकडे चहाला थांबलो, टपरीवाल्या काकांना सहज विचारलं तर म्हणाले, "वो तो यहीं दीवार में रहता है।"

तिसऱ्या दिवशी एकटाच, उजाडल्यावर निघालो, त्या दगडी भिंतीपासून चार-पाच मीटरवर खाली बसलो आणि हललोच नाही. चाळीस मिनिटांनी फटीतून आधी मिशा आल्या, मग गोल कान, मग अख्खा पिका, मुठीएवढा, सशाच्या कुळातला पण शेपूट दिसतच नाही. तोंडात एक पान आडवं धरलेलं, ते देठाकडून भराभर आत ओढत होता, नाक सारखं थरथरत होतं. माझ्या जॅकेटची चेन वाजली आणि गायब! पण दहा मिनिटांनी त्याच फटीतून परत आला. अंगावर काटा आला, खरंच.

तर फट बघून ठेवा आणि तिच्यावरच फोकस लावून थांबा, मागे धावू नका. ४०० एमएमची लेन्स पुरते, शटर स्पीड १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग (कॅमेरा टेकवायची मऊ पिशवी) बरी कारण तो जमिनीलगतच असतो. सकाळ आणि संध्याकाळ, बस्स. त्याला ऊन सोसत नाही, दुपारी तो दगडांच्या आत गारव्याला असतो. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

बिस्किटं टाकू नका, दगड उचकटू नका, ते त्याचं घर आहे. हे केदारनाथ अभयारण्य आहे, गेटवर पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा. गाईड नकोच, त्यापेक्षा टपरीवर दोनदा चहा घ्या आणि कुठल्या भिंतीत दिसतो ते विचारा.