बहात्तर तासांवाली

बसस्टँडजवळच्या माझ्या मेडिकलमध्ये संध्याकाळी गर्दी ओसरली की काही मुलं येतात. त्यांना काय हवं असतं ते मला न विचारताच कळतं. तो मुलगाही बीपीच्या गोळ्या घेणारे आजोबा जाईपर्यंत ग्लुकोजचे पुडे न्याहाळत थांबला. मग हळूच म्हणाला, "ताई, ती... बहात्तर तासांवाली. दोन द्या."

संबंधांनंतर बहात्तर तासांत घ्यायची, गर्भ राहू नये म्हणून असलेली गोळी. नेहमीसारखी मी ती कागदात गुंडाळायला घेतली. दोन म्हटल्यावर हात थांबला. या महिन्यातली ही त्याची तिसरी खेप होती.

"दोन कशाला रे?"

"एक कालची. एक पुढच्या वेळची. ती म्हणते, एक गोळी महिनाभर चालते. मला नाही वाटत."

ती समोरच्या रसवंतीपाशी स्कूटीवर बसली होती, चेहऱ्याला स्कार्फ बांधून. बोलावलं तर आधी येईना. शेवटी आली. मागच्या स्टोअरमध्ये खोक्यांच्या मध्ये स्टूल टाकून तिला बसवलं. वय वीस. मध्येच थोडं रक्त गेलं होतं, म्हणून घाबरलेली.

मी सांगत गेले. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. पुढच्या संबंधांना तिचं संरक्षण नाही. पाळी थोडी मागेपुढे होते, मध्येच डागही दिसतात. आणि गर्भ राहिलेलाच असेल, तर ती तो पाडत नाही.

"पाडत नाही?" तिने स्कार्फ सोडला. "म्हणजे मी काही पाडलं नाही?"

आणि ती रडायला लागली. प्रत्येक गोळीबरोबर आपण गर्भ पाडतोय असं तिला वाटत होतं, आणि ते ती एकटीच मनात घेऊन फिरत होती. आधीच्या दोन्ही गोळ्या मीच विकल्या होत्या, अवाक्षर न काढता. कागदात गुंडाळून देणं म्हणजे आपण समजूतदार, असं मी मानत आले होते. २००७ मध्ये राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं तेव्हा मी आठवीत होते. पुढे प्रजननाचा धडा बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला. तेच मी काउंटरवर करत होते.

कालची गोळी तिने तिथेच घेतली. तीन आठवड्यांनी तपासणीची पट्टी वापर, म्हटलं. कंडोम दर वेळी, रोगांसाठीसुद्धा. रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी, माला-एन, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

"तिथे आधी नवऱ्याचं नाव विचारतात," ती म्हणाली.

तिथल्या ओळखीच्या सिस्टरना मी तिच्यादेखत फोन लावला.

पाळी आल्यावर ती एकटीच आली, हातात वहीचं फाडलेलं पान घेऊन. पाच प्रश्न होते. पहिला, रोजच्या गोळीने वजन वाढतं का. शेवटचे दोन मैत्रिणींचे.