चौघीच उरल्या असताना बोनस

तासगाव भागातल्या शालेय मुलींच्या कबड्डी स्पर्धेत मी फिजिओ म्हणून मॅटच्या कडेला होते. सामना उत्तरार्धात पोचलेला, गुणफलक अगदी चिकटून. दहावीतली एक चढाईपटू साखळी पकडीत सापडली. झटापटीत एकीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. तरीही ती सरपटत मध्यरेषेपर्यंत आली, रेषेला हात लावला आणि गुण घेऊन उठली. पोरींनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, टाळ्या पडल्या, खेळ सुरू राहिला. मला तो आघात बरा वाटला नव्हता, म्हणून मी उठून मॅटजवळ सरकले.

पुढच्या चढाईत ती सरळ बोनस रेषेकडे गेली. एक पाय पलीकडे टाकला, दुसरा उचलला आणि पंचांकडे बघून अंगठा वर केला. समोर तेव्हा चारच बचावपटू उरल्या होत्या. समोर किमान सहा जणी असल्याशिवाय बोनस मिळत नाही, हे गल्लीत खेळणाऱ्या पोरालाही माहीत असतं. प्रेक्षक हसले. तिची कर्णधार मात्र हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ही असं कधीच करत न्हाई."

मी पंचांना हात केला आणि तिला बाहेर घेतलं. आधी मान तपासली. दुखत नव्हती, हातापायांना मुंग्या नव्हत्या. मग विचारलं, समोर कुठली शाळा आहे? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गुण कुणी घेतला? शाळा तिने बरोबर सांगितली. शेवटचा गुण तिचा स्वतःचा होता, तो तिला आठवेना. महिने उलटे म्हणायला लावले, तर ऑक्टोबरपाशी अडली. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून उभं राहायला सांगितलं आणि ती कलंडली. एरवी एका पायावर वळून पकड चुकवणारी पोर ती!

प्रशिक्षक सर धावत आले. "मॅडम, बेशुद्ध कुठं पडलीय? उभी हाय की. दोन चढाया करू द्या, मग बसवा."

ते वाईट माणूस नाहीत. पहाटे स्वतः मॅट अंथरतात. पण कन्कशन, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं कामकाज बिघडणं, झालेल्या बहुतेक खेळाडूंची शुद्ध हरपतच नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी त्यांना क्रिकेटपटू स्टीव्ह स्मिथची आठवण करून दिली. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर तो बाहेर गेला, परत येऊन खेळला आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्रास जाणवू लागला. त्याच्या जागी लाबुशेन आला. लक्षणं अशी उशिराही येतात. आणि पहिला हादरा ओसरायच्या आत दुसरा बसला, तर किशोरवयात क्वचित मेंदूला अशी सूज येते की मूल हाताला लागत नाही. क्वचित असलं तरी एका सामन्यासाठी तो धोका घ्यायचा नसतो. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, यात मी तडजोड करत नाही. सरांनी मान हलवली आणि बदली खेळाडू उतरवली.

ती मुलगी माझ्या बाहीला धरून हळूच बोलली, "डोकं मघापासनं ठणकतंय. पण घरी सांगू नका. चुलते कबड्डी बंद करतील."

त्या दिवसातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. सरांच्या डोळ्यांपुढे जिंकायचा सामना होता, घरच्यांना मुलीला घरात बसवायला एक कारण पुरलं असतं, आणि या दोन्हींच्या मधे पंधरा वर्षांची पोर ठणकणारं डोकं लपवून चढाई करत होती.

मॅटजवळच तिला उलटी झाली, मग जीपमध्ये पुन्हा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, अंगाची एखादी बाजू लुळी पडणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नसतं. आम्ही थेट मिरज गाठलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. तिची आई द्राक्षाच्या छाटणीवरून तशीच आली होती. तिने सुस्कारा सोडला आणि विचारलं, "मग उद्या शाळंला पाठवू?"

सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. पेशींच्या कामकाजातला बिघाड त्यात दिसत नाही, आणि कन्कशन म्हणजे तोच बिघाड. हे समजावायला वेळ लागला. रात्रभर तिला जागं ठेवायचं, असा आजीचा आग्रह होता. डॉक्टरांनी निरीक्षणात ठेवून घरी सोडलं होतं, तेव्हा झोप हवीच होती. फक्त उठवूनही उठली नाही, बोलणं अडखळलं किंवा पुन्हा उलट्या झाल्या, तर लगेच परत आणायचं, असं सांगितलं.

चुलते म्हणाले, "बास झाली कबड्डी."

मी त्यांच्यासमोर कागद घेतला आणि पायऱ्या लिहिल्या. पहिले एक-दोन दिवस घरी आराम, मोबाइल अगदी कमी, पण अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही. थोडं चालणं चालेल. मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण शाळा. तोवर भरभर चालणं, पुढे धावणं, मग कुणाचा धक्का न लागता एकटीने चढाईचा सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास बराच वाढला तर एक पायरी मागे. पूर्ण शाळा जमल्याशिवाय आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय पकड नाही. या वयात बरं व्हायला चार आठवडेही लागू शकतात, हेही लिहिलं. चुलत्यांनी कागद दोनदा वाचला आणि खिशात घातला. मुलगी त्या कागदाकडे बघत होती. परत खेळायची वाट त्यात लिहिलेली होती.

पहिला आठवडा तिला जड गेला. गणिताचा तास सहन होईना, फळ्यावरची ओळ डोळ्यांपुढून निसटायची. वर्गशिक्षिकेने तिची चाचणी पुढे ढकलली. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानले, कारण शाळेत अशी मुलं आळशी ठरवली जातात.

नंतर एकदा ती आईबरोबर तपासणीला आली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, काल एकटीनं चढाईचा सराव केला, मग डोकं परत जड झालं. चुलत्यांना सांगितलंय." आम्ही तिला पुन्हा नुसत्या धावण्यावर आणलं आणि डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यावर ढकलली.