मात्सुएतली शाळा, तळं आणि इझुमोची गाडी

जपान म्हटलं की आपल्याकडे टोकियो, क्योतो, फुजी आणि बुलेट ट्रेन. मी राहते तिथं बुलेट ट्रेन येतच नाही. शिमाने प्रीफेक्चर (प्रीफेक्चर म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा प्रशासकीय भाग), म्हणजे मुख्य बेटाचा पश्चिमेकडचा, जपानच्या समुद्राला लागून असलेला पट्टा. 47 प्रीफेक्चर आहेत त्यात लोकसंख्येत याचा नंबर खालून दुसरा, शेवटचा नंबर शेजारच्या तोत्तोरीचा, आणि शिमानेचं मुख्य शहर मात्सुए. घरी फोनवर सगळे मात्सुयामा म्हणतात, ते वेगळं, ते शिकोकु बेटावर. मात्सुएच्या एका बाजूला शिंजी तळं, दुसऱ्या बाजूला नाकाउमी, मधे कालवे आणि खंदक, त्यामुळे कुठंही निघालात तरी दहा मिनिटांत एखादा पूल लागतोच.

मी इथं सरकारी शाळांमध्ये एएलटी आहे, म्हणजे इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकांच्या जोडीनं उभी राहणारी परदेशी शिक्षिका. सरकारची जेट नावाची योजना 1987 पासून चालू आहे, त्यातून जगभरातनं पोरंपोरी येतात, शिवाय कंपन्यांमार्फत येणारे वेगळे आणि खाजगी इंग्रजी क्लासमध्ये शिकवणारे वेगळे. काम ऐकायला सोपं वाटतं पण त्यातली खरी गोम वर्गात उभं राहिल्यावरच कळते.

गोम म्हणजे शांतता.

आपल्याकडे शिक्षकांनी प्रश्न विचारला की निम्मा वर्ग हात वर करून "टीचर मी, टीचर मी" करत असतो, उत्तर येत असो नसो. इथं नववीच्या वर्गात मी विचारते रविवारी काय केलंस, आणि समोरचा मुलगा आधी माझ्याकडे बघतो, मग बाकावर बघतो, मग शेजाऱ्याकडे वळून हळूच जपानीत काहीतरी विचारतो, शेजारी टॅबलेटवर शब्द शोधतो, दोघांचं ठरतं, तो परत समोर वळतो, ओठ हलवून एकदा मनातल्या मनात म्हणून बघतो आणि मग बोलतो. वाक्य चार शब्दांचं असतं पण पूर्ण असतं. हे सगळं होईपर्यंत मधे काही बोलायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं नाही. आमच्या इंग्रजीच्या बाई, ज्यांच्याबरोबर माझे सगळ्यात जास्त तास असतात, त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलेलं की याला उत्तर येतंय, फक्त सगळ्यांसमोर चुकणार नाही ना एवढं तो बघून घेतोय. हे मला शंभर टक्के पटलंय. परदेशी शिक्षक इथं आले की पहिली तक्रार करतात की मुलं थंड आहेत, त्यांना रस नाही, मला हे अजिबात मान्य नाही. मुलांना रस असतो, वेळ लागतो. म्हणून आम्ही आधी वहीत लिहायला लावतो, मग जोडीजोडीनं बोलायला, मग चौघांच्या गटात आणि शेवटी फळ्यासमोर, आणि तिथपर्यंत आल्यावर तीच मुलं हातवारे करून बोलतात.

परीक्षेचंही दडपण आहेच. नववीनंतर हायस्कूलची प्रवेशपरीक्षा असते, तिच्यावर सगळं घर टांगलेलं असतं. टोकियोनं 2022 मध्ये त्यासाठी बोलण्याची चाचणी आणली, पण एकंदरीत भर अजून वाचण्यावर, लिहिण्यावर आणि ऐकण्यावर. मग मुलाला वाटणारच ना की बोलून काय मिळणार. प्राथमिक शाळेत मात्र वेगळी हवा आहे. 2020 पासून तिसरी-चौथीला खेळीमेळीचं इंग्रजी आणि पाचवी-सहावीला रीतसर विषय झालाय, त्यामुळे तिथली मुलं मला रस्त्याच्या पलीकडून हाका मारतात, सुपरमार्केटमध्ये माझ्या टोपलीत डोकावून आज काय शिजवणार म्हणून विचारतात, आणि भारतीय म्हटल्यावर रोज करीच खाणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

या गावात इंग्रजी शिकवायला आलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे लाफ्काडिओ हर्न. आई ग्रीक, वडील आयरिश, अमेरिकेत वर्तमानपत्रात नोकरी, आणि 1890 च्या ऑगस्टअखेर हा माणूस मात्सुएत शाळामास्तर म्हणून आला. पुढं इथल्याच सामुराई घराण्यातल्या सेत्सुशी संसार थाटला, 1896 मध्ये जपानी नागरिक झाला, कोइझुमि याकुमो हे नाव घेतलं. सेत्सु त्याला जुन्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची, त्याला जपानी धड येत नव्हतं, तिला इंग्रजी नाही, दोघांनी आपली एक मोडकीतोडकी भाषा तयार केलेली आणि त्या भाषेतनं ऐकलेल्या गोष्टी त्यानं इंग्रजीत लिहिल्या, त्या आज जपानमधल्या पोरासोरांना माहिती आहेत.

मात्सुएच्या किल्ल्याच्या उत्तरेला खंदकाकाठी शिओमी नावाचा जुना रस्ता आहे, पाइनची झाडं पार पाण्यावर झुकलेली, तिथं तो राहिलेलं घर अजून जसंच्या तसं आहे. आत गेलात की तीन बाजूंनी बाग दिसते. शेजारच्या संग्रहालयात त्याचं टेबल बघा. नेहमीच्या टेबलापेक्षा खूपच उंच, जवळजवळ छातीपर्यंत येईल असं, कारण त्याचा डावा डोळा सोळाव्या वर्षी गेलेला आणि उजव्यानंही फार कमी दिसायचं, म्हणून कागदच डोळ्याजवळ यावा अशी सोय. मी त्या टेबलासमोर बराच वेळ उभी होते. एवढ्या अधू नजरेनं या माणसानं मुलांचे निबंध वाचले, तपासले. मात्सुएत तो सव्वा वर्षच होता, इथली थंडी त्याला सोसली नाही आणि 1891 च्या नोव्हेंबरात कुमामोतोला गेला, पण इथल्या विद्यार्थ्यांबद्दल त्यानं जे लिहून ठेवलंय त्यात कोण कसं बोलायचं, कोण आजारपणात गेलं, हे सगळं इतक्या मायेनं आहे की शिक्षकानं मुलांकडे कसं बघावं हे मी तिथून शिकले असं म्हणायला मला काहीच संकोच नाही.

थंडीचं त्याचं म्हणणं खरंच आहे. मी देवगडची, पाऊस मला नवा नाही, पण पाऊस जूनमध्ये येतो आणि थंडीत आभाळ निळं असतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथं डिसेंबर ते फेब्रुवारी आभाळ शिशासारखं, कधी पाऊस, कधी गारा, कधी बर्फ, एकाच तासात तिन्ही. या भागात म्हणतातच की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. शाळेच्या कॉरिडॉरमधली थंडी पायातल्या शाळेच्या बुटांतून वर येते, बाहेरचे बूट तर दारातल्या कप्प्यात ठेवलेले.

डबा मात्र न्यावाच लागत नाही, कारण दुपारचं जेवण शाळेतच. पांढरी टोपी, पांढरा एप्रन आणि मास्क घालून ज्यांची पाळी असेल ती मुलं भाताचं आणि सूपचं भांडं वर्गात आणतात, वाढतात, सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. मुलांच्या आधी मुख्याध्यापक तेच जेवण चाखून बघतात, काही बिघडलेलं नाही ना म्हणून. महिन्याचा मेनू घरी छापून जातो, त्यात कॅलरीसकट सगळं. आणि रोज दूध, भाताबरोबर मासा असला तरी दूध. मी मासे खाणारी असल्यानं माझं निभावतं, पण पक्क्या शाकाहारी माणसानं इथं यायच्या आधी विचार करावा, कारण जिथं मासा दिसत नाही तिथंही रश्श्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असतोच, आणि तसं आधी स्पष्ट विचारून घेण्यात काही चूक नाही.

जेवणानंतर सफाई. स्पीकरवर एक ठरलेलं गाणं लागतं आणि सगळी शाळा, शिक्षक धरून, फडकी घेऊन कामाला लागते. जिने, संडास, हात धुवायचे नळ, सगळं. मला शाळेतला हा सगळ्यात आवडता वेळ वाटतो, कारण वर्गात तोंड न उघडणारी मुलं इथं बोलतात. खिडकीची काच पुसता पुसता एका मुलानं मला विचारलं की क्रिकेटमध्ये बॉल मारल्यावर पळायलाच पाहिजे का. तो शाळेच्या बेसबॉल टीममधला, त्याला हे कळेना की मारूनही माणूस जागेवर उभा राहू शकतो. मी हातातला झाडूच बॅट केला, तो बॉलर झाला, आणखी दोघं आले, आणि त्या दिवशी त्यानं माझ्याशी जेवढं इंग्रजी वापरलं तेवढं अख्ख्या सत्रात वापरलं नव्हतं. इंग्रजीच्या बाई लांबून बघत होत्या, पुढच्या तासाला त्यांनी धडा बाजूला ठेवून "क्रिकेट समजावून सांगा" हाच विषय दिला. अशा बाई मिळणं हे नशीब.

आता सुट्टीच्या दिवसाचं सांगते. तळ्याकाठच्या स्टेशनवरून इचिबाता नावाची दोन डब्यांची छोटी रेल्वे इझुमोकडे जाते, लोक तिला लाडानं बातादेन म्हणतात. सायकल सरळ डब्यात घेऊन चढता येतं. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला पूर्ण तळं. मधे इचिबातागुची स्टेशनला गाडी थांबते, ड्रायव्हर आपली बॅग उचलून डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलट्या दिशेनं निघते, कारण रूळ तिथंच संपतात. नवखे लोक दचकून बाहेर बघतात, शाळकरी मुलं मोबाइलमधून मानसुद्धा वर करत नाहीत.

इझुमो ताइशा हे जपानमधल्या सगळ्यात जुन्या देवस्थानांपैकी एक. मुख्य देऊळ 24 मीटर उंच, आत्ताचं बांधकाम 1744 चं. बाजूच्या सभामंडपावर भाताच्या पेंढ्याचा वळलेला दोर टांगलाय, लांबी 13 मीटरच्या वर, वजन पाच टनांच्या आसपास, खाली उभं राहिलं की पेंढ्याचा वास येतो. बाकी बहुतेक देवळांत दोन टाळ्या वाजवतात, इथं चार. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरातले सगळे देव इथं जमतात अशी श्रद्धा आहे, म्हणून उरलेल्या जपानमध्ये त्या महिन्याला देव नसलेला महिना म्हणतात आणि फक्त इझुमोत देव असलेला. पश्चिमेच्या इनासा किनाऱ्यावर रात्री शेकोटी पेटवून देवांना घ्यायला जातात. देवांची बैठक चालू असते, पुढच्या वर्षी कुणाच्या गाठी कुणाशी बांधायच्या ते ठरत असतं, म्हणून त्या दिवसांत इथली जुनी माणसं मोठ्यानं गाणंबजावणं करत नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधतात असं म्हणतात, इथं त्यासाठी रीतसर मीटिंग होते आणि तिची तारीख छापून येते, हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली मग तू जाऊन नमस्कार करून ये.

देवळाबाहेर इझुमो सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल, खा. गोल लाकडी डब्यांची तीन मजली उतरंड येते, रस थेट वरच्या डब्यात ओतायचा, तो संपला की उरलेला रस खालच्या डब्यात. नूडल जरा काळपट, कारण धान्य टरफलासकट दळतात.

आणि मात्सुएला परत आलात की शिजिमी. शिंजी तळ्यात गोडं आणि खारं पाणी मिसळतं, तिथं मिळणारे हे नखाएवढे काळे शिंपले, आपल्या तिसऱ्यांची धाकटी बहीणच. सकाळी पुलावरून बघितलं की लांब दांड्याच्या लोखंडी जाळ्या घेऊन बोटी तळ खरवडताना दिसतात. इथं ते मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सूपमध्ये घालतात. मी एकदा ओलं खोबरं मिळेना म्हणून सुक्या खोबऱ्यावर आणि घरून आलेल्या मसाल्यावर सुकं केलं, बाईंना डब्यात दिलं, त्यांच्या सासूबाईंनी कृती लिहून मागितली. संध्याकाळी तळ्याकाठच्या कलासंग्रहालयापाशी अख्खं गाव सूर्यास्त बघायला येतं, आणि मार्च ते सप्टेंबर संग्रहालय बंद व्हायची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची आहे. असं ठरवणाऱ्या गावाबद्दल प्रेम वाटणारच.

पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी आणखी एक, रूबी ही प्रोग्रॅमिंग भाषा बनवणारे युकिहिरो मात्सुमोतो याच गावात राहतात.

काळजीची बाजूही आहे. डोंगरातल्या शाळांमध्ये वर्ग रिकामे होतायत, शाळा एकमेकींत मिसळून टाकतात, आणि मुलांपेक्षा बाकं जास्त हे दृश्य बघवत नाही. म्हणूनच शिमानेतल्याच ओकी बेटांवरच्या आमा गावाचं मला मोठं कौतुक. तिथलं हायस्कूल बंद पडायच्या बेतात होतं, तर गावानं देशभरातल्या मुलांना बेटावर येऊन शिका म्हणून बोलावलं, राहायची सोय केली, आणि शाळा परत भरली. हे फक्त सरकारी योजनेनं होत नाही, गावातल्या माणसांनी पोरांना आपलं म्हणावं लागतं.

जपानमध्ये मार्चअखेर शिक्षकांच्या बदल्या होतात आणि यादी अगदी शेवटी कळते. यंदा आमच्या इंग्रजीच्या बाईंची बदली ओकीला झाली. निरोपाच्या दिवशी त्या बेसबॉलवाल्या मुलानं सगळ्यांसमोर इंग्रजीत भाषण केलं, कागद न बघता, मधे दोनदा थांबला, आणि कुणीही मधे बोललं नाही. बाई आता तिकडं रुळल्यात. शिचिरुइ बंदरातून ओकीतल्या साइगो बंदराला फेरीनं अडीच तासांच्या आसपास लागतात. बैलांच्या झुंजी बघायला ये म्हणाल्यात, तिथं त्या शेकडो वर्षांपासून चालत आल्यात, 1221 मध्ये हद्दपार होऊन आलेल्या गो-तोबा सम्राटाच्या करमणुकीसाठी सुरू झाल्या असं सांगतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार आहे. बाईंनी येताना तोच मसाला आणायला सांगितलाय, आईला दोन किलो पाठव म्हणून कळवलंय.