मुंबईत गरीब कमी आहेत का? तुम्ही विचारलंत म्हणून

"मुंबईत गरीब कमी आहेत का, की तू नेपाळला गेलीस घर बांधायला?" शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण प्रश्न हाच. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, भाच्याच्या मुंजीत जेवणाच्या रांगेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात. तेवढ्यात उत्तर देता येत नाही, मग मी नुसती हसते आणि समोरच्याला वाटतं हिच्याकडे उत्तरच नाही. आहे. एकदाच नीट लिहिते, यापुढे हेच पाठवेन.

आधी मुंबईचं. इथे माणसं कशी राहतात हे मला कुणी सांगायला नको, माझं अख्खं बालपण भांडुपच्या डोंगरावर गेलंय. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत मोजली गेली, त्या डोंगरावरची आमची ओळखीची निम्मी माणसं त्यात असणार. पण तिथे घराची भिंत कलली तर ती उभी करायला हात कधी कमी पडले नाहीत. शेजारी यायचे, नाक्यावरून गवंडी मिळायचा, रेती कुणीतरी डोक्यावरून वर आणून द्यायचं आणि दोन दिवसांत काम व्हायचं. अडायचं ते जमिनीपाशी. जमीन कलेक्टरची, नाहीतर वनखात्याची, नाहीतर कुठल्या खाजगी मालकाची, मग पक्कं घर हवं तर एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, त्यासाठी जुन्या तारखेचा पुरावा, रहिवाशांची संमती, बिल्डर, ट्रान्झिट कॅम्प, आणि सगळं जमलं तर शेवटी 300 स्क्वेअर फूट. यात मी घमेलं घेऊन नेमकी कुठे उभी राहू ते सांगा. खरंच सांगा, मी राहीन. सही लागली तर सही देते, कागद भरायला बसते, तेही केलंय. पण विटा रचून सुटणारी ही गोष्ट नाही.

नेपाळात उलटं होतं. 25 एप्रिल 2015 चा भूकंप 7.8 चा, मग 12 मेला दुसरा 7.3 चा, जवळपास नऊ हजार माणसं गेली आणि पाच लाखांहून जास्त घरं जमीनदोस्त झाली. जमीन ज्याची त्याच्या नावावर होती. दगड तिथेच पडलेले होते, त्याच्याच घराचे. सरकार तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत देत होतं, म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या थोडे वर, पहिला हप्ता पन्नास हजारांचा, जोत्यापर्यंत काम नियमात झालं असं इंजिनियरने बघितलं की दीड लाख, भिंती झाल्या की उरलेले एक लाख. आणि हात नव्हते. तरणी माणसं कतारला, मलेशियाला, सौदीला, नाहीतर इथे आपल्याकडे. लाखो घरं एकाच वेळी बांधायला काढल्यावर गवंडी मिळणार कुठून? गावात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. म्हणून बिगारी म्हणून गेले. गवंडी म्हणून नाही, हे महत्त्वाचं आहे, मला ओळंबा धरता येत नाही आणि कुणी धरायला दिलाही नाही.

दुसरं कारण घरातलं आहे. माझं आजोळ औशाकडचं. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते, 30 सप्टेंबरच्या पहाटे, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं विसर्जन करून दमून झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. नंतर देणगीदारांनी नवीन गावं वसवली, आणि मामाच्या ओळखीचे एक आजोबा त्या नव्या घरात कधी रुळले नाहीत, सरळ रस्ते, एकसारखी घरं, गोठा कुठे बांधायचा तेही कुणी विचारलं नव्हतं. मामा म्हणायचा, घर दिलं पण त्यात यांना धरलंच नाही. हे माझ्या डोक्यात इतकी वर्षं होतं. म्हणून जिथे घरमालक स्वतः उभा राहून बांधतोय, कुठली खोली कुठे हे तोच ठरवतोय आणि आपण फक्त दगड उचलून द्यायचे आहेत, असं काम मला पटलं.

आणि "हे परदेशात जाऊन घरं बांधणं म्हणजे गोऱ्यांचे चोचले" असं म्हणणाऱ्यांना एक आठवण. ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला येऊन घरं बांधत होते, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेच्या कामासाठी, शंभर घरांचा प्रकल्प होता. तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना कौतुक होतं. मग मुलुंडची बाई नेपाळातल्या नुवाकोट जिल्ह्यात गेली तर तेच काम चोचला कसं होतं?

पैशाचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. गोरखपूरपर्यंत ट्रेन, सोनौलीहून पुढे बस, असा स्वस्तातला प्रवास केला तरी खर्च झालाच, शिवाय आमच्या गटाने प्रत्येकी जे पैसे भरले ते वेगळे. तेवढ्यात तिथे एखादा गवंडी बरेच दिवस कामाला लागला असता. जायच्या आधी मी स्वतःला समजावलं होतं की नुसते पैसे पाठवले तर कुठे मुरतात कळत नाही. आज मी त्या बाईशी भांडते. तुला पैशाची काळजी होती की तुला जायचं होतं? जायचंही होतं. नवरा गेल्यानंतर मला हाताला काहीतरी काम हवं होतं, रात्री अंग दुखून झोप यावी असं काम. हे मी आतापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे दगड हलके झाले नाहीत आणि वाहायचे राहिलेही नाहीत, पण सांगायला हवं.

आता खरं ते.

2017 चा नोव्हेंबर, तिहार, म्हणजे तिथली दिवाळी, नुकताच झालेला, उतारावरच्या शेतांत नाचणी काढायला आलेली. ज्यांचं घर होतं त्यांना आम्ही सगळे दाजू, म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ, म्हणायचो. गटातली बहुतेक माणसं परदेशी, त्यांना दुभाष्या लागायचा, मला नाही, कारण दाजू माझ्याशी पहिल्या दिवसापासून हिंदीत बोलले आणि ती हिंदी आपली मुंबईची. मुंबईत येणारे नेपाळी बहुतेक पश्चिमेकडचे, अछाम, डोटी, बझांग बाजूचे. दाजू त्यातले नव्हते, पण मेव्हण्याच्या ओळखीने आले आणि कांदिवलीच्या एका सोसायटीत बरीच वर्षं वॉचमन होते. मराठीही येत होतं थोडं, "कुठे जायचंय, इथे सही करा" एवढं.

त्या दिवशी जुन्या घराच्या ढिगातले दगड वरच्या जागेवर न्यायचे होते. माणसांची साखळी करून एकेक दगड हातातून हातात. माझ्या खाली दाजू. काम करता करता ते सांगत होते, सलग नाही, दगड आला की गप्प, दगड पुढे गेला की पुढचं वाक्य. भूकंपाच्या दिवशी शनिवार होता. नाईट ड्युटी करून ते पंपरूममध्ये झोपले होते, दुपारी कुणीतरी उठवून सांगितलं तुमच्या नेपाळात काहीतरी झालंय. फोन लागेना. रात्रीही लागला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सोसायटीतल्या लोकांनी वर्गणी काढून प्रवासाचे पैसे दिले, हे त्यांनी दोनदा सांगितलं, माणसं चांगली होती म्हणाले. पोचले तेव्हा आईचं सगळं उरकलेलं होतं. बायको आणि मुलगी शेतात होत्या म्हणून वाचल्या. आई घरात होती. तिथली भिंत म्हणजे दगडाचे दोन पदर आणि मधे भरताड, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नसले तर हादऱ्याला आतला पदर आत कोसळतो. बाहेरचा पदर तसाच उभा होता. दाजू म्हणाले, खालच्या वाटेवरून बघितलं तेव्हा वाटलं घर आहे.

मी काय बोलणार. किल्लारीलाही हेच झालं होतं, अशाच भिंती, पण ते त्यांना सांगून काय करू, मी पुढचा दगड घेतला.

मग बऱ्याच वेळाने, चहा यायच्या आधी, त्यांनी विचारलं, "दिदी, आपकी सोसायटी में वॉचमन किधर सोता है?"

रागाने नाही, अजिबात नाही. एखादा माणूस जुन्या कंपनीची चौकशी करतो तसं विचारलं, धंद्यातला प्रश्न होता तो त्यांच्या दृष्टीने. आणि मला उत्तर माहीत होतं. आमचा वॉचमन जिन्याखाली मीटर बॉक्सच्या बाजूला झोपतो, दिवसा घडी घालून ठेवलेली गादी मी रोज बघते, पावसात तिथे पाणी येतं तेव्हा गादी लिफ्टच्या बाजूला सरकते. खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, जिन्याखाली.

ते म्हणाले, "सीढ़ी का अच्छा है. पंप का आवाज़ बहुत रहता है." आणि माझ्या हातात दगड दिला.

एवढंच. त्यांनी टोमणा मारला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण तुमचा सगळ्यांचा प्रश्न, मुंबईत गरीब कमी आहेत का, मी इतकी वर्षं परतवत आले, जमिनीचं सांगून, एसआरएचं सांगून, आणि ती सगळी उत्तरं खरी आहेत, पण जिन्याखालच्या माणसाला त्यातलं एकही लागू होत नाही. तिथे कलेक्टर नाही, बिल्डर नाही, जुना पुरावा लागत नाही. जागा सोसायटीची, म्हणजे माझी. माझे हात, माझी जमीन, आणि ज्याला गरज आहे तो रोज माझी पिशवी उचलून लिफ्टपर्यंत आणतो.

म्हणून मग नुवाकोटला जायला नको होतं का? इथे माझं आणि तुमचं परत भांडण होतं, कारण तुम्ही लगेच म्हणता, बघ आम्ही सांगत होतो. नाही, तुम्ही हे सांगत नव्हता. तुमच्यातल्या एकानेही मला जिना दाखवला नव्हता, तुम्ही धारावी दाखवत होता. आणि गेले नसते तर तो प्रश्न मला कुणी विचारला असता? घरी बसून स्वतःचा स्वतःला सुचला असता असं वाटत नाही. पण मला प्रश्न पडावा म्हणून दाजूंचं घर पडलं नव्हतं, हेही मला कळतं. तिथून काय शिकलीस असं कुणी विचारलं की मला राग येतो तो यासाठी.

परत आल्यावर मी सोसायटीत विषय काढला. गेटच्या बाजूला एक खोली, पंखा, नीट संडास-बाथरूम. पार्किंगची एक जागा जाईल, पालिकेची परवानगी लागेल, एजन्सीचा माणूस आहे त्याचं एजन्सीने बघावं, आज खोली दिली की उद्या बायको-पोरं आणेल, असं सगळं झालं. शेवटचं वाक्य बोलणारे काका वाईट नाहीत, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी त्यांनीच काढली होती. हाताला काय लागलं तर लोखंडी कॉट, टेबलफॅन, आणि मागचा बंद पडलेला संडास दुरुस्त करून दिला. खोली झालेली नाही.

दाजूंचं घर झालं. जोत्याशी, खिडक्यांच्या खाली आणि वर आडव्या पट्ट्या, भिंतीत लांब दगड, इंजिनियरने पास केलं, पत्रे चढले, तिसरा हप्ताही मिळाला. तीन लाखांत घर होत नाही, वरचं कर्ज. ते फेडायला दाजू पुन्हा मुंबईत आले. घोडबंदर रोडला एका टॉवरच्या साइटवर नाईटला आहेत, राहायला पत्र्याची शेड. दिवाळीत घरी जेवायला आले होते, मोबाईलवर घराचा फोटो दाखवला, मुलीने दाराला निळा रंग लावलाय.

हे सांगितलं की लोक म्हणतात, मग उपयोग काय झाला, माणूस परत तिथेच. उपयोग हा की त्याची बायको आणि मुलगी आज ज्या भिंतीशेजारी झोपतात ती दोन पदरांत फाटणार नाही. माणूस परत का आला याचं उत्तर माझ्या घमेल्यात नव्हतं, आणि त्यासाठी ते घमेलं उचलायचंच नव्हतं हे मला मान्य नाही. त्या घराला मीच लागत होते का, की दुसरं कुणीही चाललं असतं? कुणीही चाललं असतं. पण तिथे साखळीत दाजूंच्या वर कुणीतरी उभं असायला हवं होतं, आणि त्या आठवड्यात मी होते.

पुन्हा जाणार का, तर हो, गुडघे चालले तर. आणि खोलीचा विषय मी या वर्षीच्या जनरल बॉडीच्या अजेंड्यावर परत घालून घेतलाय, नकाशासकट, पार्किंगची जागा न जाता. तुम्ही आमच्याच सोसायटीतले असाल तर त्या रविवारी खाली या. दर वेळी कोरम होत नाही म्हणून मीटिंग पुढे ढकलतात.