आमची वाटचाल : चालू दुकानातील जुनी प्रणाली बदलताना

व्यापारी, हॉटेलवाले आणि पतसंस्था यांच्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेल्या संगणक प्रणालींचे रोजचे काम न थांबवता त्यांत बदल करणे आणि नव्या प्रणालींशी त्या जोडून देणे, हे फोंड्यातील आमच्या छोट्या व्यवसायाचे काम आहे. नवे सॉफ्टवेअर विकणारे गोव्यात पुष्कळ आहेत. जुने वाचू शकणारे थोडे, म्हणून आमचे पोट चालते.

सुरुवात १९९८-९९ च्या सुमारास, सन २००० उजाडताच संगणकांतील तारखा चुकतील या धास्तीतून झाली. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांचे हिशेब विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवर चालणाऱ्या फॉक्सप्रो किंवा क्लिपरमधील प्रोग्रामांवर चालत. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले असल्यामुळे डिसेंबरातील बिलाची थकबाकी जानेवारीत काढताना ०० म्हणजे १९०० धरले जाऊन दिवसांचा आकडा उणे येई. ही दुरुस्ती तशी सरळ होती. कष्टाचे काम होते ते ज्याचा लेखक आखातात निघून गेला आहे आणि ज्यात एकही टीप नाही, असा प्रोग्राम ओळीओळीने वाचण्याचे. हे प्रोग्राम ज्यात माहिती साठवतात त्या डीबीएफ फाइलीत रकान्याचे नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही. त्यामुळे नावे स्वर गाळून आखडलेली असत आणि त्यांचा अर्थ शेवटी काउंटरवरच्या माणसालाच विचारावा लागे.

इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या प्रोग्राममध्ये अशी अट होती की, ज्या गिऱ्हाइकाचा संकेतांक ‘बी’ या अक्षराने सुरू होतो, त्याच्या जून ते सप्टेंबरमधील बिलांवर व्याज लावू नये. आमच्या आधी ज्यांच्याकडे हे काम होते, त्यांनी नव्या प्रणालीच्या आराखड्यातून ही अट निरुपयोगी म्हणून वगळली होती. आम्ही तिथल्या वृद्ध हिशेबनिसांना विचारले, “काका, हे ‘बी’ कोण?” ते म्हणाले, “बार्जवाले रे! पावसात खनिजाची वाहतूक थंडावते, तेव्हाच ते बार्ज दुरुस्तीला काढतात आणि सामान उधारीवर नेतात. पैसे येतात हंगाम सुरू झाल्यावर. ती अट काढलीस तर दिवाळीला ते दुसऱ्याच्या दुकानात दिसतील.” मांडवी-झुआरी नद्यांतून खनिज नेणाऱ्या या सपाट बोटींचा धंदा कसा चालतो याचे एक व्यवहारज्ञान त्या प्रोग्रामच्या दोन ओळींत होते आणि कागदावर दुसरीकडे कुठेच नव्हते. तेव्हापासून कोणतीही अट वगळण्यापूर्वी ती का घातली गेली हे सांगणारा माणूस शोधायचा आणि त्याचे उत्तर लिहून ठेवायचे, असा आमचा नियम आहे. यात वेळ जातो व तो वेळ आम्ही बिलात लावतो; काही गिऱ्हाइके त्यावरून कुरकुरतात.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि बार्जवाल्यांवर अवलंबून असलेली आमची बरीच गिऱ्हाइके आटली. मग आम्ही हॉटेले आणि पतसंस्थांकडे वळलो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जुन्या बिल-फाइलीतील कराचा एकच रकाना अपुरा पडला. तोच माल फोंड्यात विकला तर केंद्राचा व राज्याचा असे कराचे दोन भाग, सावंतवाडीला पाठवला तर आंतरराज्य कर; गोव्याचा राज्य-संकेतांक ३०, महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९. मूळ फाइलीचा साचा बदलला असता तर तिच्यावर अवलंबून असलेले सगळे अहवाल कोलमडले असते, म्हणून आम्ही तिला हात न लावता बिल क्रमांकाने जोडलेला वेगळा तक्ता उभा केला. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे डॉस प्रोग्राम चालत नाहीत. तिथे डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रामचा आधार घेतला. त्याच वेळी कराचे दर प्रोग्राममधून काढून ‘कधीपासून, कधीपर्यंत’ अशा तारखांसह तक्त्यात नेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोल्यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा दरासाठी तक्त्यात एक ओळ वाढवणे पुरेसे झाले. मात्र हे ५ टक्के इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता आकारायचे असल्याने खरेदीच्या बाजूचे हिशेबही बदलावे लागले. दर बदलला म्हणजे बिल बदलले एवढाच विचार करणाऱ्यांची तिथेच पंचाईत होते.

पतसंस्थांकडे वेगळाच गुंता निघाला. सभासदांची मराठी नावे, युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये साठवलेली होती. त्या फाँटमध्ये ‘विनायक’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘व’ साठवला जाई, तर युनिकोडमध्ये आधी ‘व’ आणि मग वेलांटी येते. हा क्रम न पाहता केवळ चिन्हामागे चिन्ह बदलले, तर वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते आणि आडनाव भलतेच होते. आम्ही रूपांतराचा प्रोग्राम लिहिला, तरी जोडाक्षरे आणि रफार असलेली नावे संस्थेच्या कारकुनाकडून रजिस्टरशी ताडून घेतली. हे काम यंत्रावर सोपवण्याची आमची अजून तयारी नाही. दुसरी गोष्ट अशी की डीबीएफमध्ये खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. ती खूण न वाचणारे साधन वापरून माहिती हलवली, तर खाते बंद केलेले सभासद नव्या यादीत पुन्हा अवतरतात.

नवी-जुनी प्रणाली शेजारी शेजारी चालवताना सर्वाधिक वाद पैशांवर नव्हे, तर पैशांच्या पूर्णांकनावर होतात. जुना प्रोग्राम संपूर्ण बिलाची बेरीज करून मग पूर्णांक करी, नवा प्रत्येक ओळ वेगळी पूर्णांक करतो, आणि महिनाअखेरीस थोड्या पैशांचा फरक दिसला की हिशेबनीस सही करत नाहीत. आमच्या मते ते बरोबर करतात. कोणती पद्धत ठेवायची हे मालकांनी ठरवून बदलनोंदवहीत लिहायचे असते. कोणी मागितला, का मागितला, कोणत्या फाइलीला हात लागला, आधीची प्रत कुठे आहे आणि परत फिरायचे झाले तर कसे, हे लिहिल्याशिवाय आमच्याकडे कोणताही बदल चालू प्रणालीत जात नाही, मग गिऱ्हाईक फोनवर कितीही घाई करो. मोठे बदल आम्ही हॉटेलांत पावसाळ्यात आणि दुकानांत चतुर्थीच्या सुट्टीत करतो.

जुनी प्रणाली मात्र लगेच टाकून देत नाही. तिच्यात नवी नोंद करता येणार नाही अशी व्यवस्था करून ती फक्त पाहण्यापुरती ठेवतो. जीएसटीखालील हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि तपासणीला अधिकारी आले की त्यांना जुन्या बिलाची हुबेहूब प्रत हवी असते. त्या सुट्या भागांच्या दुकानात असा एक संगणक आतल्या खोलीत आहे. त्याला जोडलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिबिनी मिळवणे हेही आमच्या वार्षिक करारात लिहिलेले आहे.