तीन त्रुटीपत्रं

आमच्या तहसीलमध्ये संगांयो शाखा, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेची शाखा, पहिल्या मजल्यावर होती. येणारे सगळे म्हातारे, आंधळे, पांगळे. आणि इमारतीला लिफ्ट नाही. ऑगस्ट 2024 मध्ये नायब तहसीलदार म्हणून बदलून आलो तेव्हा हे मला पहिल्या दिवशी खटकलं आणि आठवड्याभरात अंगवळणी पडलं.

डिसेंबरचा पहिला आठवडा. विधानसभेची धावपळ नुकतीच संपलेली. शिपाई वर येऊन म्हणाला, "खाली एक जण पोराला पाठीवर घेऊन आलाय. वर चढवंना त्याला. तुम्हालाच भेटायचं म्हणतोय."

खाली गेलो. पायरीवर पन्नाशीचा माणूस आणि भिंतीला टेकवून बसवलेला त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सी. मान एका अंगाला कललेली, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. बापानं खताच्या पिशवीतून कागद काढले. "भाऊसाहेब, काय काय लागतंय ते एकदाच सांगा. बस, एकदाच."

कागदांत आमच्याच कार्यालयाची तीन त्रुटीपत्रं होती. जुलैतलं पहिलं: 15 वर्षे रहिवासाचा दाखला जोडलेला नाही. ऑगस्टच्या सुरुवातीचं दुसरं: उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य आहे. सप्टेंबरमधलं तिसरं: हस्तलिखित अपंगत्व प्रमाणपत्र ग्राह्य नाही, यूडीआयडी सादर करावे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र. हे तिसरं खरंही होतं, कारण 1 जून 2021 पासून प्रमाणपत्रं यूडीआयडीच्या पोर्टलवरूनच निघतात. पण हस्तलिखित कागद फेब्रुवारीत अर्जासोबतच लावलेला होता. तो सप्टेंबरपर्यंत कुणाला दिसला नव्हता का?

उत्पन्नाच्या दाखल्याची गोष्ट तर आणखी भारी. अर्ज फेब्रुवारीचा. दाखल्याची मुदत 31 मार्चपर्यंत. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक राहिली ती राहिलीच. म्हणजे अर्ज आला तेव्हा दाखला चालू होता, तो बाद झाला आमच्या कपाटात. आणि तो देतं कोण? आमचंच तहसील. सेतूत अर्ज, वर सही. देणारे आम्ही, शिळा करणारे आम्ही आणि "ताजा आणा" म्हणणारेही आम्हीच.

त्यानं सगळं आणलं होतं. मजुरी बुडवून दोन दाखले काढले. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाला सत्तर किलोमीटर जीप करून गेला, नंबर लागला नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. हातात आता यूडीआयडीचं निळं कार्ड होतं, म्हणजे दिव्यांगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त. "फुकट मिळायच्या कार्डाला चार हजार लागले," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब सांगावा तसं. अनुदान सुरू होतं मंजुरीपासून, अर्जाच्या तारखेपासून नाही. महिना दीड हजार धरले तर दहा महिन्यांचे पंधरा हजार त्याचे गेलेच होते.

तिसऱ्या पत्रावर सही माझी होती.

ती केलेली मला आठवत नाही. दुपारच्या गठ्ठ्यातली असणार. वर जाऊन अव्वल कारकुनाला विचारलं, जरा चढ्या आवाजातच. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मागं एका केसमध्ये वयाचा पुरावा माझ्या नजरेतून सुटला. ऑडिटनं माझ्यावर वसुली काढली. तेव्हापासून पहिली उणीव दिसली की मी पत्र काढतो. पुढचं वाचायचं कशाला, केस तर त्रुटीत गेलीच." माणूस कामचुकार नव्हता. मंजूर केलेल्या चुकीची वसुली होते, लांबवलेल्या बरोबर केसची होत नाही, हे तो अनुभवानं शिकला होता.

त्याच संध्याकाळी त्रुटीचं कपाट उघडलं. मीटिंग हॉलमध्ये सतरंजीवर फायली पसरल्या, मी, तो कारकून आणि एक कोतवाल. वरच्या वीस फायलींपैकी आठांत उणीव एकच होती, मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला. आठही दाखले अर्जाच्या दिवशी चालू होते. तहसीलदार मॅडम घरी निघता निघता दारात थांबल्या, चप्पल काढून आत आल्या आणि तासभर बसल्या.

कारकून म्हणाला, "मॅडम, अर्जाच्या तारखेला चालू असलेला दाखला मी धरतो. पण लेखी द्या." मॅडमनी तिथंच अर्ध्या पानाचा आदेश लिहिला. शिवाय ठरलं असं, की अर्ज घेतानाच तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि जे काही कमी असेल ते एकाच चिठ्ठीवर लिहून सहीनिशी द्यायचं. आम्हीच दिलेला दाखला पुन्हा मागायचा नाही, आपल्या संगणकात बघायचा. माझं टेबल खाली, अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात आलं. तिथं उंदीर आहेत, पण पायऱ्या नाहीत. बैठकीची तारीख मात्र आमच्या हातात नव्हती आणि आजही नाही. तेवढी गाठ सुटलेली नाही.

डिसेंबरअखेरच्या बैठकीत त्याची केस मंजूर झाली. मला वाटलं, सुटलो. पण त्याच सुमारास अनुदान डीबीटीनं, म्हणजे थेट आधार जोडलेल्या खात्यात जायला लागलं होतं आणि मुलाचं पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक राहिलेलं. मी आधार केंद्रावर सोबत गेलो. बापानं मूठ एकेक बोट करून उघडली, यंत्रावर ठेवली की ती पुन्हा मिटे. ऑपरेटर म्हणाला, "बोटं आली नाहीत तर होत नाही." बोटं येत नसली तर अपवाद म्हणून नोंदवून डोळ्यांवर भागवता येतं, ही सोय त्याला माहीतच नव्हती. वरिष्ठांना फोन लावायला लागला. मुलानं कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून बाप यंत्रामागं उभा राहून बैलाला करतात तसा ओठांनी चुचकारा करत होता. मुलगा हसला आणि तेवढ्यात काम झालं.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. "भाऊसाहेब, जमा झाले. आता परत यायचं नाही ना?"

"वर्षातनं एकदा हयातीचा दाखला लागतो."

"त्याला घेऊन?"

"नको. तलाठी घरी येईल," मी बोलून गेलो.

फोन ठेवला आणि पहिलं काम केलं ते तलाठ्याला हे सांगायचं. तो म्हणाला, "साहेब, लेखी द्या."