हॅरोगेटला जाऊन आले (रहस्यकथावाल्यांसाठी)

दादरला आजोबांच्या कपाटात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या पुस्तिका सापडल्या तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे, आणि लंडनला आल्यापासून उत्तर इंग्लंडातल्या हॅरोगेट गावी रहस्यकथांच्या फेस्टिव्हलला जायचं जायचं चाललं होतं, गेल्या जुलैत गेले एकदाची. थीकस्टन ओल्ड पिक्युलियर क्राइम रायटिंग फेस्टिव्हल असं लांबलचक नाव, थीकस्टन म्हणजे बिअरवाले, ते स्पॉन्सर. 2003 ला सुरू झालं, जुलैत असतं, गुरुवार ते रविवार, ओल्ड स्वॉन हॉटेलात. हेच ते हॉटेल जिथे डिसेंबर 1926 मध्ये अगाथा ख्रिस्ती सापडली, अकरा दिवस अख्खं इंग्लंड शोधतंय आणि बाई इथे खोटं नाव लावून आरामात, आडनाव कुठलं तर नवऱ्याच्या मैत्रिणीचं! खुन्नस असावी तर अशी.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून थेट गाडी आहे, साधारण तीन तास, नाहीतर जवळच्या लीड्स शहरात बदलायची. स्टेशनवरून हॉटेल चालत 10-15 मिनिटं. मी पैसे वाचवायला लीड्सला राहिले आणि तिथेच माती खाल्ली, कारण खरी मजा रात्री असते आणि मला शनिवारी परतीच्या गाडीसाठी ऐन रंगात आलेलं सेशन सोडून पळावं लागलं. तुम्ही महाग पडलं तरी हॅरोगेटमध्येच खोली बघा, ती पण लवकर.

तिकिटं घेताना हावरटपणा करू नका. मी दोन दिवसांत सात सेशन्स घेतली, चौथ्यापर्यंत कुणाचा इन्स्पेक्टर दारुडा आणि कुणाचा घटस्फोटित याची पार खिचडी झाली. दिवसाला दोन बास. त्यात न्यू ब्लड नावाचं सेशन मात्र घ्याच, रहस्यकथा लेखिका व्हॅल मॅकडर्मिड दरवर्षी पहिलंवहिलं पुस्तक आलेले चार लेखक निवडते आणि त्यांना बोलतं करते. उरलेला वेळ बाहेर हिरवळीवर काढा, तिथे नुसतं बसायला तिकीट लागत नाही आणि आत स्टेजवर पाहिलेली मंडळी अर्ध्या तासाने ग्लास घेऊन तुमच्या शेजारीच उभी असतात, बोलायला लाजू नका, मी पहिला अख्खा दिवस लाजण्यात घालवला.

सह्यांसाठी घरून गठ्ठा नेऊ नका. मी नऊ पुस्तकं नेली, खांदा गेला, सह्या दोनच. रांगेत पिवळ्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहून देतात, माझं ज्ञानदा, म्हणजे डी-एन-वाय, ते बघून लेखकमहाशयांनी पेन खालीच ठेवलं आणि आधी उच्चार सांग म्हणाले. तीनदा सांगितला, चौथ्यांदा ते 'दन्यानाडा' म्हणाले, मी म्हटलं चालेल.

जाण्याआधी वासीम खान वाचून जा. त्याची इन्स्पेक्टर पर्सिस वाडिया 1950 च्या मुंबईतली, आणि 2023 ला या फेस्टिव्हलचा प्रोग्रामिंग चेअर, म्हणजे कार्यक्रम ठरवणाऱ्यांचा प्रमुख, तोच होता. रांगेतल्या एका आजींना मी मुंबईची म्हटल्यावर त्यांनी मलबार हिलबद्दल इतकं विचारलं की शेवटी फोनवर नकाशा काढून दाखवला.

गावातल्या प्रसिद्ध बेटीज टी रूमची रांग बघून सिद्धिविनायकाचा मंगळवार आठवला, जायचंच तर सकाळी उघडता उघडता जा. छत्री आणि बंद बूट न्या, जुलै असला तरी. आणि रविवारच्या गाडीला सीट आधीच रिझर्व्ह करा, मी लीड्सपर्यंत दाराजवळ त्याच पुस्तकांच्या बॅगेवर बसून आले.